थांबाकाकांचे आठ सेकंद

आमच्या डहाणूच्या खाडीवर त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पगारपत्रकावर नाव होतं, तेवढंच. बोट चालवणारे तांडेल त्यांना थांबाकाका म्हणायचे. पहाटे समुद्रात निघालेला तांडेल आमच्या खिडकीशी येऊन बोटीचा नंबर सांगायचा, बरोबरच्या खलाशांची नावं सांगायचा आणि जायला वळायचा. तेवढ्यात काकांचा उजवा हात वर जायचा. "थांबा." तांडेल थांबायचा. काका पडद्याकडे बघत राहायचे. मोजून आठ सेकंदांनी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'लिहिलं' असं यायचं, मग हात खाली यायचा आणि टोकन मिळायचं.

मी मच्छीमार संस्थेची सचिव. मूळची चिखल्याची, चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातली. समुद्र जन्मापासून बघते, पण त्यात कधी गेले नाही. बर्फ, डिझेल, परवान्यांचं नूतनीकरण आणि पहाटेची टोकनं ही माझी कामं. टोकनाचा हेतू एकच: कोणती बोट गेली आणि तिच्यावर कोण कोण आहे, हे किनाऱ्यावर कोणाला तरी माहीत असावं.

आधी वही होती. ओल्या हातांनी तिची पानं चिकटायची. मग समितीने एक तयार प्रोग्राम घेतला, पण त्याला इंटरनेट लागायचं आणि पहाटे खाडीवर नेटवर्क असेल तर असेल. काका तेव्हा नुकतेच वापीच्या एका कारखान्यातली संगणकाची नोकरी सोडून सरावलीला खोली घेऊन राहिले होते. पन्नाशी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा सदरा, सायकल. कोणाच्या तरी ओळखीने आले. जुनं मशीन बघितलं आणि म्हणाले, "मी लिहून देतो. नेट लागणार नाही. पण दोन अटी. नोंद खोडता येणार नाही. आणि विचारायचं ते नंबरानेच."

मला दोन्ही अटी खुळ्या वाटल्या होत्या. तरी हो म्हटलं, कारण दुसरं कोणी येत नव्हतं.

खोडायचं नाही हा त्यांचा नियम मशीनपुरता नव्हता. चहाच्या यादीत चुकून सहाच्या जागी नऊ लिहिले तर त्यावर रेघ मारायचे नाहीत. खालच्या ओळीत लिहायचे: 'वरचं चुकलं, सहा.' त्यांच्या सुट्टीच्या अर्जातही अशी एक ओळ असायची. मी एकदा म्हटलं, "काका, नवा कागद घ्या की."

"नव्या कागदावर मी कधी चुकलोच नाही असं दिसेल."

नोंदीही तशाच. बोटीवरचा माणूस बदलला की जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी लिहायची. विचारलं की सगळ्यात शेवटची नोंद पुढे यायची. जुन्या मागे पडलेल्या असायच्या, पण असायच्या. अमावास्येच्या सुमारास बोटी कमी निघायच्या, तेव्हा ते साफसफाई काढायचे. प्रत्येक बोटीची शेवटची नोंद तेवढी नव्या फाइलमध्ये उतरवायची, म्हणजे कामाची फाइल आटोपशीर राहते. जुनी फाइल मात्र पेनड्राइव्हवर घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. नव्या-जुन्याचा ताळा जमेपर्यंत ते जेवायचे नाहीत. उपास वगैरे काही नव्हता. "हाताला तूप लागतं, मग कळ चुकते," म्हणायचे.

शोध मात्र विजेसारखा. नंबर टाकला, की कळीवरचं बोट उचलायच्या आत नावं पडद्यावर. एका तांडेलाला याचं फार नवल. "काका, इतक्या वर्षांचा पसारा, त्यातून याला लगेच कसं सापडतं?"

काकांनी त्याच्या खांद्यावरची दोरी मागून घेतली आणि ओट्यावर बसून तिला गाठी मारायला लागले.

"ही दोरी म्हणजे डिस्कवरची फाइल. नवी गाठ नेहमी टोकाला. मध्ये कापायचं नाही, मध्ये जोडायचं नाही. आता सांगा, तुमच्या बोटीची शेवटची गाठ कुठे आहे?"

"ओढून बघावं लागंल."

"मी आधीच बघून ठेवलंय. माझ्याकडे चिठ्ठी आहे. अमुक नंबर, सातशे बारावा वाव." दोन्ही हात पसरून त्यांनी दोरीचा एक वाव मापून दाखवला. "सरळ त्या वावावर हात घालायचा."

"आन चिठ्ठी हरवली तर?"

"दोरी पहिल्यापासून ओढायची आणि चिठ्ठी नव्याने करायची. मशीन रोज सकाळी तेच करतं. चिठ्ठी त्याच्या डोक्यात असते, बंद केलं की जाते. जाऊ दे. दोरी जाता कामा नये."

तांडेलाने गाठी सोडवत दोरी परत घेतली. "बोटीवर यायचं होतं तुमी काका. हितं फुकट गेलात."

नंबराशिवाय ते काही सांगायचे नाहीत. कोणी विचारलं, 'आमचा नाना आज कोणत्या बोटीवर गेला?' तर उत्तर एकच: "नंबर सांगा." नावाने शोधायची सोय करा म्हणून मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, एका नावाची इथे तीस माणसं आहेत, मशीनने भलताच नाना दाखवला आणि घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला तर? समोर पाटी मांडून बसणारी एक मासळीवाली त्यांची फिरकी घ्यायची.

"काका, माझा नंबर काय?"

"तुम्हाला नंबर नाही. तुम्ही समुद्रात जात नाही."

"मंग मी हरवले तर?"

काका खरोखर विचारात पडले. "तर मला सांगता येणार नाही," म्हणाले. ती पाटीतल्या मासळीवर पाणी मारायला लागली. पुढे तिने तो विनोद पुन्हा केला नाही.

आणखी एक प्रकार सांगायला हवा, कारण त्यावरून मी त्यांच्यावर पहिल्यांदा चिडले. प्रोग्राम तयार झाल्यावर एक दिवस मी बाहेरून आले, तर हे गृहस्थ भिंतीपाशी उकिडवे बसलेले. मशीनवर नोंदी आपोआप पडत होत्या आणि हे मधूनच प्लग उपटत होते. मशीन मरायचं. पुन्हा चालू करायचे, फाइल तपासायचे, डायरीत लिहायचे, पुन्हा उपटायचे.

"मशीन जाळाल!"

"मशीन दुसरं येईल, मॅडम. अर्ध्या लिहिण्यात वीज गेली तर काय होतं ते आज बघायला पाहिजे. नंतर बघून उपयोग नाही."

संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. त्या आठ सेकंदांचा अर्थ मला त्या दिवशी समजला. मशीनला काही सांगितलं की ते आधी डोक्यात ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मधल्या वेळात वीज गेली तर डोक्यातलं गेलं. काकांचा प्रोग्राम मशीनला सवड घेऊ द्यायचा नाही. आताच्या आता डिस्कवर लिही, मग बाहेरच्या पेनड्राइव्हवर लिही, मग दोन्हीकडून परत वाचून ताळा घे, आणि मगच म्हण 'लिहिलं'. त्या म्हाताऱ्या मशीनला एवढ्याला आठ सेकंद लागायचे.

डहाणूला वीज तयार होते आणि डहाणूलाच ती जाते. काकांनी मशीनसाठी बॅटरी मागितली होती. जुनी फुगून बाद झाली होती. नवीचा विषय समितीच्या दोन बैठकांत राहून गेला.

आता माझा भाग.

बोटी खाडीतून निघतात त्या भरतीच्या पाण्यावर. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. पाणी उतरायला लागलं की मागची बोट तिथे बसते आणि दिवस जातो. पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारी सुरू झाली, बोटी वाढल्या आणि खिडकीशी आरडाओरडा सुरू झाला. तांडेल काकांना बोलायचे नाहीत, मला बोलायचे. "मॅडम, तुमच्या काकांना सांगा, पानी थांबत नाय."

मी काकांना सांगितलं. त्यांनी हिशेब करून ठेवलाच होता. "पन्नास बोटींची मिळून सात मिनिटं होतात."

"ती सात मिनिटं शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतात, काका. त्याची बोट वाळूत बसते."

"त्याला थोडं आधी यायला सांगा."

"ते तुम्ही सांगा. मला ताळा नको. नोंद घ्या आणि सोडा."

त्यांनी डायरी काढली. मग म्हणाले, "लिहून द्या." मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, सही केली. त्यांनी ती डायरीत चिकटवली आणि अर्ध्या तासात बदल करून दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर पडद्यावर 'लिहिलं' ऐवजी 'ऐकलं' असं आलं.

"हे काय?"

"आता ते लिहीत नाही. ऐकून ठेवतं. लिहिलं म्हणून सांगणं खोटं होईल."

रांग पटापट पुढे सरकू लागली. तांडेल खूश. "आता यांना जा-काका म्हना," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. सवयीने हात वर जायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि खाली यायचा. मला वाटलं, होईल सवय.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे घाई ऐन भरात असताना वीज गेली. त्या वेळी टायपिंग मी करत होते आणि काका माझ्या मागे उभे होते. वीस मिनिटांनी वीज आली. तोवर शेवटच्या बोटीही टोकनं घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या नोंदी मी कागदावर घेतल्या होत्या. काकांनी मशीन चालू केलं, फाइल दिलेल्या टोकनांशी ताडून बघितली आणि म्हणाले, "तीन बोटींच्या नोंदी उतरल्या नाहीत. त्यांना फोन लावा."

लावले. बोटी रेंजच्या बाहेर होत्या. वायरलेसवर एकाने खरखरत उत्तर दिलं, बाकी दोघांनी नाही.

"असू दे," मी म्हटलं. "माणसं तीच असतात. कालचीच नोंद चालेल."

हे वाक्य माझं आहे. ते मी त्या सकाळी बोलले, आणि चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आमच्या खाडीवर एकेका बोटीवर वर्षानुवर्षं तीच पाच माणसं जातात. काकांनी डायरीत काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही.

त्या तीनपैकी दोन बोटी परत आल्या. तिसरी आली नाही.

वादळ नव्हतं. मोठ्या जहाजाची धडक बसली असावी असा अंदाज. फळ्या सापडल्या, दोन तरंगते डबे सापडले, चौथ्या दिवशी तांडेलाचा आणि एका खलाशाचा देह मिळाला. बाकीचे मिळाले नाहीत. काकांनी नंबर टाकला, आदल्या दिवशीची नोंद आली: पाच माणसं. पाचही घरं आमच्या किनाऱ्यावरची. मी पाच नावांची यादी तहसील कार्यालयाला पाठवली. पाच घरी जाऊन आले.

वीसेक दिवसांनी दुपारी एक बाई आली. तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरून, दोन बस बदलून. तिशीची असेल. दारात उभी राहिली आणि बसा म्हटल्यावर पायरीवरच बसली.

"माझा घरवाला दर्यावर गेलाय. तुमच्या कागदावर नाव हाय का, बघा."

तिच्या नवऱ्याने घरून निघताना सांगितलं होतं, डहाणूला बोटीवर काम मिळतंय, गेल्यावर फोन करतो. संध्याकाळी फोन आला: उद्या निघतो, आठवड्याने घरी येतो. त्यानंतर काही नाही. कोणती बोट, कोणता मालक, तिला माहीत नव्हतं. पाड्यावर म्हणत होते, तो वापीला पळाला, दुसरी बाई केली असेल. तिचा दीर दोनदा वापीला शोधून आला होता.

"त्याचे दिवस घालायचे का वाट बघायची, तेवढं सांगा," ती म्हणाली. "दोन्ही एका टायमाला नाय होत."

मला वाटलं काका म्हणतील, नंबर सांगा. ते म्हणाले नाहीत. त्यांनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, दोन्ही तिच्याकडून परत म्हणवून घेतली आणि मशीनसमोर बसले. मशीनच्या डोक्यातल्या चिठ्ठीचा उपयोग नव्हता. तिच्याकडे नंबर नव्हता. म्हणून त्यांनी सगळी दोरी पहिल्या गाठीपासून ओढायला घेतली, एकेक नोंद डोळ्यांनी वाचत. बाई तीन वाजता शेवटची बस धरायला गेली. काका दुसऱ्या दिवशीही वाचत होते. पत्र्याच्या डब्यातले जुने पेनड्राइव्हही त्यांनी वाचून काढले.

त्याचं नाव कुठेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर एक छोटी फाइल उघडी होती, नाव 'अपुरं'. त्या पहाटे वीज आल्यावर प्रोग्रामला दोरीच्या टोकाशी एक तुटका तुकडा दिसला होता. ताळा जमत नव्हता, म्हणून त्याने तो मुख्य फाइलीतून काढला. दुसरा कोणी असता तर त्याने फेकला असता. काकांनी फेकायची सोयच ठेवली नव्हती.

तुकड्यात बोटीचा नंबर होता, त्या न परतलेल्या बोटीचा. त्यापुढे वेळ. त्यापुढे माणसांची संख्या: सहा. मग तांडेलाचं नाव, एका खलाशाचं नाव, तिसऱ्याची दोन अक्षरं. पुढे काही नाही.

सहा. तो आकडा मीच टाइप केला होता. कोणीतरी मला सहावं नाव सांगितलं असणार, मी ते टाइप केलं असणार. मी खूप आठवून बघितलं. पन्नास बोटी, अडीचशे नावं. माझ्या बोटांतून गेली, डोक्यात एकही राहिलं नाही.

"झालं तर मग," मी म्हटलं. "बाकीचे पाच आपल्याला माहीत आहेत. सहावा हाच. त्याचं नाव घाला आणि नोंद पुरी करा."

"नाही."

"काका, त्या बाईला उत्तर हवंय."

"खरं उत्तर हवंय. इथे त्याचं नाव नाही. मी लिहिलं तर ते माझं लिहिणं होईल, त्या पहाटेचं नाही."

"तुमच्या नियमांपायी ती आयुष्यभर वाट बघेल."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नियम पाळला असता तर नाव असतं, मॅडम."

इतक्या वर्षांत ते मला लागेल असं एवढंच बोलले. आवाजही चढवला नव्हता. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मग आत येऊन विचारलं, तुम्ही काय लिहून द्याल. ते म्हणाले, आहे तेवढं. सहा माणसं, दोन नावं, दोन अक्षरं, नोंद अपुरी, आणि ती अपुरी का राहिली ते कारण.

"कारणात माझं नाव घाला."

"चिठ्ठी तुमची आहे. हात माझा होता."

"घाला म्हटलं ना."

बोटीचा मालक दुसऱ्या दिवशीच हजर. कोणी सांगितलं कोण जाणे. त्याचा भाऊ त्याच बोटीवर गेला होता, म्हणून मला त्याला खलपुरुष करता येत नाही. पण पाच जणांच्या भरपाईचे कागद पुढे सरकले होते आणि सहावा निघाला तर सगळं परत मागे येणार होतं.

"माझ्या तांडेलाने मला पाच सांगितले. सहावा कुठून काढताय तुम्ही? त्या तुटक्या फाइलीतून? काढून टाका ती."

"काढता येत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे? तुम्हीच बनवलंय ना?"

"म्हणूनच येत नाही."

मालक माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा. यांचा नेहमीचा चक्रमपणा आहे."

मी त्याला सांगितलं की तहसीलला नवं पत्र गेलेलं आहे, माझ्या सहीने. खोटं होतं. पत्र तयार होतं, सही व्हायची होती. तो गेल्यावर मी सही केली आणि स्वतः नेऊन दिलं.

बाईकडे स्वतःचा फोन नव्हता. दिराचा नंबर तिने दिला होता. त्याला सांगितलं की कागद तयार आहे, घेऊन जा. तासाभराने त्याच्याच फोनवरून ती बोलली. "कागद मी वाचीन, पाडा नाय वाचनार. तुमी या. तोंडाने सांगा सगल्यांसमोर."

मी काकांकडे बघितलं. हा माणूस चार लोकांत कधी बोललेला नाही. वार्षिक सभेत तो दाराबाहेर उभा राहायचा. ते म्हणाले, "जाऊ."

रविवारी निघालो. डहाणू रोडहून बस, विवळवेढ्याला देवळापाशी गर्दी म्हणून बराच वेळ खोळंबा, तलासरीला उतरून पुढे जीप आणि मग चालत. वाटेत ते एकदाच बोलले. खिशातला कागद काढून विचारलं, "हे मी वाचू की सांगू?" मी म्हटलं, सांगा.

पाड्यावर झाडाखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. बायका मागे. तिची सासू दारात होती, पुढे आली नाही. आम्हाला खाट दिली. काका बसले नाहीत. उभे राहिले आणि उजवा हात थोडा वर झाला. कोणी बोलतही नव्हतं, तरी.

"मी मशीनवाला आहे," ते म्हणाले. "बोट निघाली तेव्हा तिच्यावर सहा माणसं होती. ही नोंद त्या पहाटेची आहे, नंतरची नाही. पाच माणसं कोण ते माहीत आहे. ती आमच्या किनाऱ्याची. सहाव्याचं नाव माझ्याकडे नाही. ते मशीनला सांगितलं होतं, पण लिहून व्हायच्या आत वीज गेली. लिहून होईपर्यंत माणसाला थांबवायचं माझं काम होतं. मी थांबवलं नाही."

"मी थांबवू दिलं नाही," मी म्हटलं. "घाई माझी होती. आणि नावं गेली हे कळल्यावर कालचीच चालतील असंही मीच म्हटलं." बसल्या बसल्या बोलणं बरं दिसेना, म्हणून उभी राहिले.

कोणी ओरडेल असं मला वाटलं होतं. दीर मात्र उठला. "मंग तुमी कसा सांगता का तो माझा भाऊस होता?"

"मी तसं सांगत नाही," काका म्हणाले. "मला माहीत असलेलं संपलं. सहा होते, एवढंच."

दीर खाली बसला. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने जमिनीवर बोटाने पाच रेघा ओढल्या.

"ह्ये पाच दर्याकाठचे," तो म्हणाला. "त्यांची घरां त्यांना रडली. आता ह्यो येक उरला." त्याने सहावी रेघ ओढली. "याला कोन घर रडला? किनाऱ्यावर कोनी नाय. वापीला तो नाय, तू दोनदा जाऊन आलास. कोनाचा नाय असा मानूस नसतो. सहावा आमचा."

तो असं म्हणाल्यावर मागच्या बायकांमध्ये आवाज उठला आणि थोड्या वेळाने बसला. ती बाई रडली नाही, निदान तेव्हा तरी. तिने काकांना विचारलं, "म्हंजे पलाला नाय तो."

काकांनी जमिनीवरच्या रेघांकडे बघितलं. खात्री नसलेलं ते बोलायचे नाहीत, हे मला माहीत होतं.

"जो बोटीवर होता तो पळाला नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. मग दारातल्या सासूकडे गेली, तिच्याशेजारी खाली बसली आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आता त्याच्या वाटचा भात नको झाकून ठेवूस."

दिवस कधी घालायचे ते ठरवायला पुरुषमाणसं एकत्र बसली. काकांनी म्हाताऱ्याजवळ जाऊन मृताचं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव विचारलं, परत म्हणवून घेतलं आणि डायरीत लिहिलं. म्हाताऱ्याचंही नाव लिहिलं. आम्हाला गुळाचा काळा चहा दिला. जेवून जा असं कोणी म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी पहाटे मी कार्यालयात पोचले तेव्हा काका आधीच आलेले होते. पडद्यावर पुन्हा 'लिहिलं' येत होतं. खिडकी उघडण्यापूर्वी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्या बोटीखाली एक नवी नोंद टाइप करायला सांगितली. जुन्या नोंदीला हात लावला नाही, तुटक्या तुकड्यालाही नाही. माणसं सहा. पाच नावं. सहावं नाव, बापाचं नाव, पाडा. शेवटी त्यांनी सांगितलेला मजकूर मी जसाच्या तसा घातला: 'सहावं नाव त्या पहाटेच्या नोंदीत नाही. पाड्यातल्या माणसांनी सांगितलं.'

काका आता आमच्याकडे नाहीत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, सायकल सुटली, ते बहिणीकडे राहायला गेले. बॅटरी नवी आली आहे, मशीनही बदललं आहे. नव्या मशीनला आठ सेकंद लागत नाहीत, दोन लागतात. दोन तर दोन, ते मी कोणालाही सोडत नाही. तहसीलने सहावं नाव लावून घ्यायला चार महिने घेतले.

कधीतरी त्या बोटीबद्दल कोणी चौकशीला येतं. मी नंबर टाकते. सहा नावं येतात, लगेच येतात.